पट्टी क्रमांक एक

माझ्या बायकोच्या मेंदूचा आलेख मी पहिल्यांदा परक्या माणसाला दाखवला तो कांदाभजी खाताना. परका माणूस म्हणजे कृष्णाकाठ क्रीडा मंडळाचे सचिव दिनकरराव नलवडे, ज्यांना सगळं कऱ्हाड अण्णा म्हणतं. बोटांना तेल लागलेलं होतं, म्हणून मी फोन करंगळीनं उघडला. या सगळ्या प्रकरणात मी घेतलेली काळजी म्हणायची तर एवढीच.

तृप्ती, माझी बायको, बावन्न वर्षांची आहे आणि चोवीस वर्षं खो-खोची पंच आहे. मी छप्पन्न वर्षांचा आहे आणि अठ्ठावीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तिच्या निर्णयांवर मैदानभर आरडाओरडा होतो. माझे निर्णय कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

दोन हजार त्रेचाळीस सालच्या जानेवारीत आरोग्य केंद्रातली परिचारिका रेश्मा मुल्ला आमच्या घरी आली. तृप्तीची पाळी थांबून वर्ष झालं होतं. अंगातून वाफ निघाल्यासारखं व्हायचं, झोप मोडायची, मुलींचा सराव घेताना ती मध्येच टोपी काढून वारा घालत उभी राहायची. रेश्मानं तिचं नाव एका संशोधनात घातलं होतं. त्यात इस्ट्रोजेनचं जेल रोज थोडं पोटाला चोळायचं आणि दंडावर एक पट्टी लावून ठेवायची. जेलचा परिणाम मेंदूवर काय होतो ते पट्टी सांगणार होती.

पट्टीचं काम ऐकायला जादूसारखं आहे, पण जादू नाही. आपल्या पेशी रक्तात अतिसूक्ष्म बुडबुडे सोडत असतात. पेशीत ज्या जनुकाचं काम जोरात चाललेलं असतं, त्याच्या संदेशाच्या प्रती त्या बुडबुड्यांत सापडतात. पट्टी नेमके मेंदूच्या तळाशी असलेल्या ठरावीक पेशींतून आलेले बुडबुडे ओळखते, आतल्या प्रती मोजते आणि फोनवर रेघ काढते. रेघ हिरव्या भागात असली तर जनुक शांत. लाल भागात गेली तर जनुक कोकलतंय.

हे जनुक किस्पेप्टिनचं. प्रजननाचा सगळा कारभार मेंदूतल्या हजार-दीड हजार पेशींच्या हातात असतो. त्या ठरावीक अंतरानं एक संप्रेरक सोडतात, ते पियूष ग्रंथीला जागं करतं, ती बीजकोशांना. बीजकोश उत्तरादाखल इस्ट्रोजेन पाठवतात. गंमत अशी, की त्या मुख्य पेशींना हे उत्तर थेट ऐकू येत नाही. ऐकण्याची सोय असते शेजारच्या किस्पेप्टिनच्या पेशींकडे. इस्ट्रोजेन त्यांच्यात शिरतं, तिथल्या ग्राहक-प्रथिनाला बिलगतं, आणि ती जोडी जाऊन किस्पेप्टिनच्या जनुकाला गप्प करते. वय झालं की बीजकोशांकडून उत्तर यायचं थांबतं. मग या पेशी आवाज चढवतात, फुगतात, आणखी चढवतात. शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र तिथंच शेजारी असतं. त्याला हा आरडाओरडा सोसत नाही आणि ते भर थंडीत घाम फोडतं. वर्गात मी याला ‘ओ न देणाऱ्या नवऱ्याचं तत्त्व’ म्हणतो. मुली हसतात.

पुढच्या तासाला मी हेही शिकवतो, की पुरुषाच्या मेंदूतसुद्धा हे गप्प करण्याचं काम बऱ्याच अंशी इस्ट्रोजेनच करतं. टेस्टोस्टेरॉनचंच शरीरात इस्ट्रोजेन बनतं, आणि उतारवयात तेही ओसरतं. पण हा तास दुपारच्या जेवणानंतर असतो. तेव्हा कुणीच पूर्ण जागं नसतं, त्यात मीही आलो.

रेश्मानं दिलेल्या डबीत दोन पट्ट्या होत्या. एक तृप्तीची, दुसरी तुलनेसाठी घरातल्या पुरुषाची. कुठली कुणाची हे रेश्मानं दोनदा समजावलं. तृप्ती आत चहा टाकत होती, त्यामुळं समजावलं ते मला, आणि मी पेपर वाचत होतो. रेश्मा गेल्यावर तृप्तीनं डबी उघडली आणि वरची पट्टी माझ्यापुढं धरली. आमच्याकडं पहिला चहा, पहिली पोळी, आंब्याची पहिली फोड माझ्याकडं येते. त्यामागं कुणाचा काही विचार नाही. उतारावरून पाणी यावं तशी येते. मी पेपर खाली न ठेवता दंड पुढं केला.

फोनवर फक्त बाईचा आलेख दिसायचा. पुरुषाचा परस्पर प्रयोगशाळेत जायचा. तृप्तीनं तिच्या फोनवरून मला तो पाहण्याची परवानगी दिली. म्हणाली, तुम्हालाच यातलं कळतं, तुम्हीच बघत जा.

मी बघत गेलो.

पहिल्या आठवड्यात रेघ लाल भागात होती. दुसऱ्या आठवड्यात तृप्ती म्हणाली की आता बरं वाटतंय, झोप लागतेय. रेघ लालच होती. तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा तेच म्हणाली आणि मी फोन पाहून मान हलवली. एकीकडं ती स्वतः सांगत होती, दुसरीकडं आलेख सांगत होता, आणि मी विज्ञानाचा माणूस. आपली केस गंभीर असल्याचं पेशंटला कळत नाही, हे मी कुठंतरी वाचलेलंही होतं.

मग मला सवय लागली. ती काही बोलली की मी आधी फोन बघायचो. तिच्या भावाशी मी आठ वर्षं बोललेलो नाही, हा विषय तिनं एका सकाळी काढला. भाऊ आजारी होता, एकदा भेटून या म्हणत होती. रेघ लाल. मी अतिशय प्रेमळ आवाजात ‘बरं’ म्हणालो आणि विषय हिरवा होण्याची वाट बघत बसलो. तो झाला नाही. ॲप कधीकधी सूचना द्यायचं, की पुढच्या वीस मिनिटांत उष्म्याची लाट येण्याची शक्यता. मी तत्परतेनं उठून तिच्यावर पंखा सोडायचो. ती पदर लपेटून घ्यायची आणि म्हणायची, अहो, मला थंडी वाजतेय. तोपर्यंत मला दरदरून घाम आलेला असायचा. त्याचा अर्थ मी असा लावला, की अठ्ठावीस वर्षांच्या संसारात माणसं शरीरानंसुद्धा एकरूप होतात.

फेब्रुवारीत कृष्णाकाठ करंडकाच्या अंतिम सामन्याला तृप्तीला सरपंच नेमलं. खो-खोत दोन पंच असतात आणि त्यांच्यावर सरपंच, ज्याचा शब्द शेवटचा. करंडकाच्या एकसष्ट वर्षांत तिथं बाई उभी राहिली नव्हती. घरी फोन येऊ लागले. बँकेत, दवाखान्यात, इस्त्रीवाल्याकडं लोक मला थांबवून विचारायचे, तुम्ही पिसाळ मॅडमचे मिस्टर ना? मी हो म्हणायचो. पहिले चार-पाच दिवस आनंदानं म्हणायचो.

आता भजी. अण्णांनी सहज विचारलं, मॅडमची तयारी कशी काय? तयारी उत्तम चालली आहे, एवढं उत्तर पुरेसं होतं. मी म्हणालो, तशी काळजीच वाटते, आणि करंगळीनं फोन उघडला. मग पंधरा मिनिटं मी त्यांना जनुक, संदेश आणि इस्ट्रोजेन समजावून सांगितलं. माझं इतकं मन लावून कुणी वर्षानुवर्षांत ऐकलं नव्हतं. अण्णांनी एकच प्रश्न विचारला.

“म्हणजे फायनलच्या दिवशी ही रेघ अशीच लाल असंल, तर डोकं ठिकाणावर राहील का नाही?”

या रेघेचा आणि निर्णयक्षमतेचा काही संबंध असल्याचं कुणी सिद्ध केलेलं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी म्हणालो, “शक्यता नाकारता येत नाही.”

हे वाक्य आम्ही प्राध्यापक दिवसातून दहादा वापरतो. त्यानं आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. प्रकृतीच्या कारणास्तव सौ. पिसाळ यांना सरपंचपदाच्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे, व्यासपीठावर त्यांचा नारळ आणि शाल देऊन सत्कार होईल. तृप्तीनं पत्र उभ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्या हातात दिलं.

“प्रकृती कुणाची बिघडली हो?” तिनं विचारलं.

मी खांदे उडवले. ती आत गेल्यावर फोन पाहिला. रेघ लालेलाल होती. माझ्या मनात आलं, बघा.

ती भांडायला गेली नाही. दारामागच्या खुंटीवर किल्ल्यांशेजारी तिची शिट्टी असायची, काळ्या गोफाला बांधलेली. ती तिनं काढून कपाटाच्या खणात ठेवली. खुंटीवर गोफाच्या जागी भिंत जरा स्वच्छ होती. येता-जाता मला ती जागा दिसायची.

अंतिम सामना रविवारी. शुक्रवारी दुपारी पट्ट्या बदलायला रेश्मा आली. तृप्ती मैदानावर मुलींचा सराव घ्यायला गेली होती. मी बाही वर केली. रेश्मानं माझी पट्टी काढली, उजेडात धरली आणि माझ्याकडं बघितलं.

“सर, एक नंबर तुमच्या दंडावर कसा?”

मी म्हणालो, कसा म्हणजे? ती म्हणाली, एक नंबर मॅडमची. दोन नंबर तुमची. मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं.

मग ती बराच वेळ टॅबवर काही बघत होती. सांगायचं थोडक्यात असं, की दोन नंबरची रेघ, म्हणजे माझ्या बायकोची, दुसऱ्या आठवड्यापासून स्वच्छ हिरवी होती. जेल उत्तम लागू पडलं होतं. लागू पडत नाही असं समजून डॉक्टर सोमवारपासून तिचा डोस दुप्पट करणार होते. लाल रेघ माझी होती. कोकलत होतो तो मी. मी माझ्याच मेंदूचा आलेख बघून सहा आठवडे माझ्या बायकोला समजून घेत होतो.

रेश्मा चांगली मुलगी आहे. माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. म्हणाली, प्रयोगशाळेला कळवून मी आलेख आजच बदलून घेते, मॅडमना मी काही बोलत नाही, तुम्हीच सांगा. आणि सर, तुम्हीही एकदा रक्त तपासून घ्या. घाम येत असेल ना?

मी म्हणालो, उकाड्यामुळं येतो. बाहेर फेब्रुवारी होता.

संध्याकाळी पाचला फोनवरची रेघ हिरवी झाली. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात एक कल्पना आली, जी मी आजही कुणाला पूर्ण सांगू शकत नाही, म्हणून लिहितोय. तृप्तीला तिचा सामना परत मिळायला हवा, हे मला कळत होतं. त्यासाठी खरं सांगणं हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग माझ्या हातातच होता आणि हिरवा होता.

मी अण्णांकडं गेलो आणि नवा आलेख दाखवला. म्हणालो, औषध लागू पडलं, आता काही भीती नाही. अण्णांनी फोन हातात घेतला, रेघेवरून बोट फिरवलं आणि खूश झाले. म्हणाले, सर, लई चांगली चीज आहे ही.

रात्री जेवायच्या आधीच तृप्तीला फोन आला. शनिवारी सकाळी तिनं खणातून शिट्टी काढली, गरम पाण्यानं धुतली, गोफ पुसून खुंटीवर लावला. मग पुरण घातलं. काही सण नव्हता.

“अण्णा सांगत होते,” ती म्हणाली, “तुम्ही मुद्दाम जाऊन माझ्यासाठी बोललात.”

आणि तव्यावरची पहिली पुरणपोळी तिनं माझ्या ताटात वाढली. वर तूप सोडलं. तेव्हा बोलता आलं असतं. तोंडात घास होता हे काही कारण नव्हे, कारण घास घ्यायच्या आधीही बराच वेळ गेला होता. मी पोळी खाल्ली. दुसरीही खाल्ली.

रविवारी साडेतीनला मैदानावर गेलो तर पंचांच्या तंबूबाहेर टेबल टाकलेलं होतं. टेबलावर पाटी: ‘महिला पंचांनी आलेख दाखवून नाव नोंदवावे.’ टेबलामागं अण्णा स्वतः. हल्ली ही पट्टी औषधाच्या दुकानातही मिळते. अण्णांनी शुक्रवारीच मंडळातर्फे दोन घेऊन बाकीच्या महिला पंचांना पोचवल्या होत्या. रांगेत तिघी होत्या, हातात फोन धरून. पुरुष पंच तंबूत बसून मसाला दूध पीत होते.

पहिली पुढं गेली, हिरवी. दुसरी प्राजक्ता साबळे, चोवीस वर्षांची, तृप्तीनंच तयार केलेली. तिची रेघ लाल होती. अण्णांनी मोठ्या मायेनं तिला सांगितलं, बाळ, आज तू बस, पुढच्या वर्षी बघू. प्राजक्तानं मान खाली घातली. आपल्याला काय झालंय हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायची तिला लाज वाटत होती.

तिच्या मागं तृप्ती होती. तिनं आपला फोन पिशवीत टाकला.

“हिला बसवणार असाल तर मीही बसते, अण्णा. मी काही दाखवणार नाही.”

अण्णा गोंधळले. आजूबाजूला शंभरेक माणसं जमली होती. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मी दिसल्यावर त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, सर, तुम्हीच सांगा मॅडमना, हे सगळं तुमच्याकडूनच तर आपण शिकलो.

तृप्तीनं मागं वळून बघितलं. या सगळ्या माणसांत मी कुणाला दिसायला नको होतो, तर तिला.

मी पुढं गेलो. आधी प्राजक्ताचं सांगितलं, कारण ते सोपं होतं. सांगितलं, की मेंदूत किस्पेप्टिनच्या पेशींचे दोन पुंजके असतात. एकाला इस्ट्रोजेन गप्प करतं, दुसऱ्याला बोलतं करतं, आणि पट्टी दोन्हींची बेरीज दाखवते. तरुण बाईच्या शरीरात महिन्यातून एकदा इस्ट्रोजेन वाढतं, तो दुसरा पुंजका जोरात बोलतो आणि बीज बाहेर पडतं. ती लाल रेघ म्हणजे मुलगी ठणठणीत असल्याची खूण आहे. शिट्टी फुंकण्याशी तिचा काही संबंध नाही. कधीच नव्हता. मी शक्यता नाकारायला हवी होती.

“मग मॅडमचं लाल होतं ते?” अण्णांनी विचारलं.

“ते माझं होतं,” मी म्हणालो. “पट्ट्यांची अदलाबदल झाली होती. मी तुम्हाला दाखवला तो आलेख माझ्या मेंदूचा.”

मग अण्णा मनापासून हसले. “अहो सर, मग काय बिघडलं? तुम्ही थोडीच शिट्टी फुंकणार आहात.”

सगळे हसले. तंबूतले पंचही हसले. तृप्ती हसली नाही.

“कधी कळलं तुम्हाला?”

“परवा.”

“परवा,” ती म्हणाली. तिनं फक्त तेवढा एक शब्द परत म्हटला. काल पुरणपोळी होती हे शंभर माणसांत दोघांनाच माहीत होतं.

मग ती अण्णांकडं वळली आणि शांतपणे म्हणाली, “तंबूतल्या सगळ्यांना पट्ट्या लावा. वेळाधिकारी, गुणलेखक, तुम्ही. सरांचं लाल येतं तर तुमचंही येईल. उद्या सगळ्यांचे आलेख इथं फळ्यावर लावू. मग मी दाखवते.”

तंबूतले लोक दूध पिता पिता थांबले. एकाला अचानक आठवलं की सामन्याला उशीर होतोय. अण्णांनी पाटी उचलून टेबलाखाली उलटी ठेवली. प्राजक्ता साबळे पंच म्हणून उभी राहिली. सामना चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला.

मी गॅलरीत बसलो. शेवटच्या डावात दोन मिनिटं उरली असताना कऱ्हाडच्या पोरानं सूर मारून धावकाला टिपलं आणि मैदान उसळलं. प्राजक्तानं फाऊल दिला. पोरानं खो मिळायच्या आधीच जागा सोडली होती. दुसऱ्या पंचानं हात हलवून नाही म्हटलं. सगळे सरपंचाकडं बघायला लागले. तृप्ती दोघांशी बोलली आणि फाऊल कायम ठेवला. कऱ्हाड एका गुणानं हरलं.

गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, “लाल!” मग चहूकडून ओरडायला लागले. लाल, लाल. हा शब्द गावात कुणी आणला हे माझ्या शेजारच्या माणसाला माहीत नव्हतं. तोही ओरडत होता. तृप्ती मैदानाच्या मधोमध हात मागं बांधून उभी होती, आणि मला इतका घाम आला होता की शेजारच्यानं ओरडणं थांबवून मला पाणी विचारलं.

घरी आल्यावर तिनं शिट्टी खुंटीला लावली. म्हणाली, “ॲपमध्ये नोंद असते, आपला आलेख दुसऱ्यानं किती वेळा बघितला त्याची. चारशे बारा वेळा बघितलात तुम्ही. मी मैत्रिणींना सांगायची. मला वाटायचं, काळजी आहे.”

या वेळी मी प्रेमळ आवाजात ‘बरं’ म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी मी रक्त तपासून घेतलं. माझ्यावरही आता उपचार चालू आहेत, म्हणून माझाही आलेख आता फोनवर दिसतो. तिच्या भावाला भेटून आलो. तो मला बघून इतका चकित झाला की आजार विसरला. आणि माझ्या पट्टीचा आलेख पाहण्याची परवानगी मी तृप्तीच्या फोनला दिली. स्वतः लावून दिली, कुठं दाबायचं तेही दाखवलं. मनात हिशेब असा, की आता तिनं माझ्याशी भांडताना फोन उघडावा, रेघ बघावी, मान हलवावी. चारशे बारा वेळा. मग फिटलं.

याला आता पाच महिने झाले. ती माझ्याशी भांडते, माझ्याकडं बघून भांडते. मी चिडलो तर विचारते, काय झालं? आणि मी सांगेपर्यंत थांबते.

रोज सकाळी ती चहा आणून ठेवते, पहिला कप माझ्यापुढं. मी तो तिच्याकडं सरकवतो आणि ती म्हणते, राहू द्या, निवेल. मग ती आत गेली की मी फोन उघडून माझ्या आलेखाखालची बारीक अक्षरातली ओळ वाचतो. आजही वाचली.

‘हा आलेख शून्य वेळा पाहिला गेला.’